टेनिसची भातुकली

आमच्या कळंबोलीत टेनिसचा चेंडू ठाऊक नसलेले पोर औषधालाही सापडायचे नाही. टेनिस ठाऊक असलेले पोर मात्र शोधावे लागेल. तो पिवळा, लोकर पांघरलेला चेंडू क्रिकेटसाठीच जन्माला आला, अशी इथे लहानथोरांची समजूत आहे. त्यात त्यांची चूकही नाही. साऱ्या रायगड जिल्ह्यात या चेंडूने क्रिकेटचे सामने होतात, बक्षिसे लागतात, गावे लोटतात. १८७७ साली विम्बल्डनच्या हिरवळीवर पहिली स्पर्धा झाली, तेव्हा आपल्या चेंडूचे पनवेल तालुक्यात पुढे असे भले होईल, हे तिथल्या कोणा साहेबाच्या स्वप्नातही आले नसेल.

अशा ठिकाणी राहून मी माझ्या मुलीला टेनिस शिकवायला निघालो, त्याची ही हकिगत. आधीच सांगून टाकतो, की मी मराठीचा प्राध्यापक आहे. हातात खडू आणि तोंडात ज्ञानेश्वरी, यापलीकडे माझा व्यायाम नाही. टेनिसशी माझा संबंध म्हणजे वर्तमानपत्राचे शेवटचे पान. पण माणसाने एखादी गोष्ट स्वतः केलेली नसली, की ती मुलांकडून करवून घेण्याचा उत्साह त्याला दुप्पट येतो. मलाही आला.

निमित्त झाले ३० सप्टेंबर २०२३ चे. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्या दिवशी मिश्र दुहेरीची अंतिम लढत होती. रोहन बोपण्णाच्या जोडीला आपल्या श्रीरामपूरला जन्मलेली ऋतुजा भोसले. पहिला सेट २–६ असा गेला तेव्हा मी खुर्चीत मागे रेललो. दुसरा ६–३ असा आला तेव्हा पुढे सरकलो. आणि शेवटचा निर्णायक डाव १०–४ ने जिंकून सुवर्णपदक आले तेव्हा उभाच राहिलो. शेजारी आमची कन्या बसली होती. वय वर्षे पावणेसहा. ती टाळ्या पिटीत होती, आणि मी तिच्या मनगटाकडे पाहत होतो.

"अहो, तिच्याकडं असं काय बघताय?" आतून प्रश्न आला. बायकांना भिंतीपलीकडचे दिसते.

दुसऱ्याच रविवारी मी रॅकेट आणली. ती कशी आणली हे सांगायला आज संकोच वाटतो, पण मध्यमवर्गीय वाचकाला त्यात परके काही वाटणार नाही. आपल्याकडे पोरांच्या वस्तू 'वाढत्या मापाच्या' घ्यायची रीत आहे. पहिलीतल्या गणवेशाच्या बाह्या दोनदा दुमडायच्या, म्हणजे तो तिसरीपर्यंत पुरतो. बूट एक अंक मोठे घ्यायचे आणि पुढे कापूस भरायचा. त्याच न्यायाने मी पुरी सत्तावीस इंची, म्हणजे मोठ्या माणसांची रॅकेट घेतली. 'कॉलेजात जाईपर्यंत बघायला नको,' असे दुकानदाराला मोठ्या अभिमानाने सांगितलेही. त्याने काही न बोलता पावती फाडली.

मग शिकवणी. नवी मुंबईतल्या एका कोर्टावर शनिवार-रविवार सकाळी वर्ग भरे. कळंबोलीहून स्कूटरवर निघायचे, महामार्गाला लागायचे, लोखंड-बाजाराकडे जाणारे ट्रेलर चुकवीत पोचायचे. पुढे मी, मागे कन्या, आणि तिच्या पाठीवर तिच्यापेक्षा थोडीच लहान अशी ती रॅकेट. शिकवणारे गृहस्थ भले होते. पण कोर्ट एक आणि पोरे चौदा. सगळी रांगेत उभी. जाळीपलीकडून ते एकेकाला चार चेंडू टाकीत. चार झाले की पोर रांगेच्या शेवटी. दीड तासात कन्येच्या वाट्याला तीस-पस्तीस चेंडू येत. त्यांतले निम्मे तिच्या डोक्यावरून जात, काही छातीवर आदळत. आणि एखाद्याला रॅकेट लागलीच, तर तो जाळीच्या पायथ्याशी जाऊन पडे. उरलेला वेळ रांगेत उभे राहून पुढच्या मुलीच्या वेणीचे निरीक्षण.

तीन महिन्यांनी शनिवार आला की कन्येचे पोट दुखू लागले. सोमवारी दुखत नसे. डॉक्टर झाले, ओवा झाला. एका शनिवारी तर रॅकेटच सापडेना. शेवटी ती सापडली गाद्यांच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली. सहा वर्षांच्या मुलीने एवढी मोठी वस्तू एवढ्या हुशारीने लपवावी, यात खरे तर मला सगळे कळायला हवे होते. कळले नाही. मी रागावलो. परत येताना कळंबोलीच्या सिग्नलला स्कूटर थांबली होती, तिथे मी मान वळवून तिला बोललो. फीचा आकडा सांगितला. माझ्या लहानपणी मला काय काय मिळाले नाही तेही सांगितले. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, तो चेंडू माझ्या डोक्यावरून जातो. मग मी काय करू?"

मागून भोंगे वाजू लागले. मी स्कूटर पुढे घेतली. तिच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही, कारण मला तो प्रश्न वाटलाच नाही. सबब वाटली.

ती सबब नव्हती हे मला कळले ते आमच्या कॉलेजातल्या व्यायाम-संचालकांकडून. या गृहस्थांचे आणि माझे बोलणे एरवी परीक्षेच्या पर्यवेक्षणापुरते. चहा घेताना मी कौतुकाने नव्हे, तक्रारीच्या सुरातच विषय काढला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रॅकेट किती इंची?" मी सांगितले. त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, तुम्ही पहिलीच्या पोराला अमृतानुभव लावता का?"

मग त्यांनी कागद घेतला आणि आकडे मांडले. नियमातला साधा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला, तर तो साधारण १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. "आता मुलीची उंची सांगा." ११६ सेंटिमीटर. "म्हणजे चेंडू तिच्या डोक्यावरून जाणारच. तिनं काय शिडी घेऊन खेळायचं?" मी गप्प झालो. कन्येने सिग्नलवर जे सांगितले होते, तेच हे गृहस्थ सेंटिमीटरमध्ये सांगत होते.

पुढचे कोष्टक त्यांनीच समजावले, आणि ते प्रत्येक आईबापाला ठाऊक असावे म्हणून इथे देतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली 'प्ले अँड स्टे' नावाची मोहीम काढली. पोर पहिल्याच दिवशी चेंडू टाकू शकले पाहिजे, परतवू शकले पाहिजे आणि गुण मोजून खेळू शकले पाहिजे, हा तिचा गाभा. त्यासाठी तीन रंगांचे मंद चेंडू. लाल चेंडू साध्यापेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल चेंडू त्याच २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर ९० ते १०५ सेंटिमीटरच उसळतो. परतून खेळताना पोराच्या कमरेशी येतो. कोर्टही तसेच. पुरे कोर्ट २३.७७ मीटर लांब; एकेरीसाठी रुंदी ८.२३ मीटर. लाल चेंडूचे कोर्ट सुमारे ११ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद, आणि जाळी ८० सेंटिमीटर उंच. नारिंगीचे १८ मीटर बाय साडेसहा. सामान्यतः आठ वर्षांपर्यंत लाल, आठ-नऊच्या सुमारास नारिंगी, मग हिरवा. १ जानेवारी २०१२ पासून तर खेळाच्या नियमांतच घातले आहे, की दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत साधा पिवळा चेंडू वापरायचा नाही.

"आणि रॅकेटचं म्हणाल," ते म्हणाले, "तर पोराला ताठ उभं करा, हात सरळ खाली सोडायला सांगा. हातातल्या रॅकेटचं टोक जमिनीला जेमतेम टेकलं पाहिजे. तुमच्या मुलीला एकवीस, फार तर तेवीस इंची. ती सत्तावीस इंची तुम्ही वापरा."

घरी येऊन हे सारे मी सांगितले. सौभाग्यवती पोळ्या लाटीत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि लाटणे न थांबवता म्हणाली, "म्हणजे टेनिसची भातुकलीच की. यात नवीन काय सांगितलं त्यांनी?"

खरेच, नवीन काय! आपल्याकडे पोरीच्या हातात कोणी पहिल्यांदा लग्नघरातली कढई देत नाही. बोटभर चूल, वाटीएवढे पातेले, चुरमुऱ्यांचा भात. आणि तरी त्या भातावर पाहुणे जेवून तृप्त होऊन उठतात. सगळा संसार आहे, फक्त पोराच्या हाताच्या मापाचा. ही अक्कल आमच्या आज्यांना होती. टेनिसवाल्यांना ती नियमात घालायला २०१२ साल उजाडावे लागले.

त्या रात्री मी आंद्रे आगासीचे आत्मचरित्र काढून बसलो. ते २००९ साली निघाले तेव्हा त्याचा बराच बोलबाला झाला होता. सातव्या वर्षी बापाने त्याच्यासमोर चेंडूफेकीचे एक यंत्र, मुद्दाम बदल करून, उभे केले होते. त्याला पोर 'ड्रॅगन' म्हणे. रोज अडीच हजार चेंडू मारायचे, असा बापाचा हिशेब. आठ ग्रँड स्लॅम जिंकलेला हा माणूस लिहितो काय, तर आपल्याला टेनिसचा तिटकारा होता. कोणी म्हणेल, तिटकारा असो. आठ विजेतेपदे तर आली ना? मीही पानापानावर स्वतःला तेच विचारीत होतो, खोटे कशाला बोलू. पण आगासी एक झाला. त्याच तऱ्हेने राबवलेली आणि कुठेच न पोचलेली पोरे किती, ते कोण मोजणार? त्यांची आत्मचरित्रे निघत नाहीत. शिवाय माझ्याकडे यंत्र नव्हते एवढेच. सिग्नलवर जे बोललो ते त्याच जातीचे होते.

लाल चेंडू जवळपास कोठे मिळेनात. मग एके दिवशी मानसरोवर स्टेशनवरून हार्बरची गाडी धरली आणि धोबी तलाव गाठला. खेळाच्या सामानाची दुकाने तिथे ओळीने आहेत. अर्धे लाल, अर्धे पिवळे असे सहा चेंडू आणि एकवीस इंची रॅकेट घेऊन आलो. आता प्रश्न कोर्टाचा. पुऱ्या कोर्टाला, मागेपुढे धावण्याची मोकळीक धरून, ३६ मीटर बाय १८ मीटर तरी जागा लागते. कळंबोलीत एवढी जागा रिकामी दिसली तर रात्रीतून तिथे ट्रेलर उभे राहतात. पण लाल कोर्ट म्हणजे काय? चार मोटारी मावतील त्याहून थोडी अधिक जागा. सोसायटीच्या आवारात मागच्या बाजूला चार मोटारी उभ्या राहतातच.

सेक्रेटरींनी आधी 'घटनेत तरतूद नाही' असे सांगितले. मग त्यांना स्वतःचा नातू आठवला. रविवारी सकाळी सात ते नऊ मोटारी बाहेर काढायच्या, काच फुटल्यास खर्च माझा, आणि भिंतीवर चेंडू मारून तळमजल्यावरच्या आजींची झोप मोडायची नाही, अशा तीन अटींवर परवानगी मिळाली. कॉलेजातला खडू इतक्या वर्षांत प्रथमच विधायक कामाला लागला. अकरा मीटर मोजून रेघा मारल्या. दोन खुर्च्यांना दोरी बांधली आणि तिच्यावर सौ.ची जुनी वायल साडी टाकली. टेपने ८० सेंटिमीटर मोजून घेतली ती मात्र काटेकोर.

आणि पहिल्या रविवारी मी पुन्हा चूक केली. रॅकेट तिच्या हातात देऊन 'अशी धर, तशी फिरव' सुरू केले. कन्येचा चेहरा शनिवारसारखा होऊ लागला. व्यायाम-संचालकांनी बजावले होते, की पहिले काही दिवस रॅकेट कपाटात ठेवा. ती आठवण झाली. मग आम्ही चेंडू जमिनीवरून घरंगळत देऊ लागलो. मग एक टप्पा घेऊन दोन्ही हातांनी झेलणे. मग एका हाताने. मग तळहाताने चेंडू साडीपलीकडे टोलवणे. चौथ्या रविवारी तिनेच विचारले, "बाबा, आता रॅकेट काढू?" हा प्रश्न यावा लागतो, आपण तो आणवू पाहिला तर येत नाही.

खेळायचे ते वीस मिनिटे. कंटाळा यायच्या आधी थांबायचे, आणि हे बापाला फार जड जाते, कारण त्याचा रंग तेव्हा कुठे चढत असतो. हाताची पकड, पायांची ठेवण यांविषयी मी काही बोलत नाही. मला त्यातले कळत नाही हे त्या मुलीचे भाग्य. आम्ही फक्त मोजतो. चेंडू न चुकता किती वेळा साडीपार गेला? पहिल्या दिवशी तीन. महिन्याभरात अकरा. एकवीस झाले त्या दिवशी ती जिन्याने ओरडत वर गेली आणि तीन मजल्यांची दारे उघडली.

मग सोसायटीतली क्रिकेटवाली पोरे येऊन उभी राहिली. लाल चेंडू हातात घेऊन त्यांनी दाबून पाहिला आणि 'मेलेला आहे' असा निकाल दिला. पण अर्ध्या तासाने तीच पोरे रांगेत होती. रांग म्हणताच माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा नियम केला: एकाच वेळी चौघांनी खेळायचे, सातला डाव संपवायचा, हरलेली जोडी बाहेर. कोणीही पाच मिनिटांहून जास्त वेळ उभे राहत नाही.

सात हा आकडाही वाद होऊन ठरला. मी आधी शास्त्रोक्त मोजणी सांगितली होती: पंधरा, तीस, चाळीस. कन्येचे पंधराचे पाढे नुकतेच झालेले. ती म्हणाली, "बाबा, चुकलं! पंधरा त्रिक पंचेचाळीस." आता काय सांगणार? मूळ शब्द पंचेचाळीसच असावा आणि उच्चारता उच्चारता तो झिजला, असा एक तर्क आहे. शब्द झिजतात हे मी वर्गात तासभर सांगू शकतो. पण सात वर्षांच्या मुलीसमोर पाढ्याचाच विजय झाला.

मराठीच्या माणसाला या खेळात आप्त कोण, म्हणून मी शोधीत होतो, तो एक घराणे सापडले. तुकोबांच्या गाथेची संशोधित आवृत्ती विष्णुशास्त्री पंडितांच्या जोडीने ज्यांनी सिद्ध केली, जिचा पहिला भाग १८६९ साली निघाला, ते शंकर पांडुरंग पंडित आमच्या विषयात सर्वांना ठाऊक. त्यांची कन्या पंडिता क्षमाबाई राव. त्यांनी संस्कृतात सत्याग्रहगीता लिहिली. ती १९३२ साली पॅरिसला छापली गेली. या क्षमाबाई टेनिसच्याही निष्णात खेळाडू होत्या. आणि त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ साली विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकला. तिथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. म्हणजे गाथेच्या संपादकाची नात विम्बल्डनला! ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा दोघातिघांनी चष्मे काढले. त्या घरात आईच्या हातात लेखणीबरोबर रॅकेट होती, आणि मुलीने ती रोज पाहिली असणार. माझ्या हातात रिमोट होता.

उलटही घडते. सांगलीचे नंदू नाटेकर लहानपणी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ साली परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. पुढे त्यांचे चिरंजीव गौरव यांनी रॅकेट पुन्हा टेनिसची घेतली, आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्ण मिळवले. उद्या आमची कन्या कॅरमकडे वळली तर मी धक्का बसल्यासारखे करणार नाही, असे सौ.ने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे.

पावसाळ्यात आमचा खेळ घरात येतो. कळंबोली सखल, जून ते सप्टेंबर आवारात पाणी तरी असते किंवा त्याने ठेवलेला चिखल तरी. मग दिवाणखान्यात दोन उशांची जाळी करून फुग्याचे टेनिस. चार-पाच वर्षांच्या पोरांना आरंभ करून द्यायला फुग्यासारखा गुरू नाही: तो सावकाश येतो, पोराला पाय हलवायला वेळ देतो, आणि लागला तरी कोणी रडत नाही. त्यात एक फुलदाणी गेली. ती मला लग्नात मिळालेली होती आणि कधीच आवडली नव्हती.

ती सत्तावीस इंची रॅकेट मी वापरतो. कन्येपलीकडे साडीच्या या बाजूला उभा राहून मी ती फार हळू फिरवतो, तरी चेंडू कधी कधी सेक्रेटरींच्या गॅलरीत जातो. नारिंगी चेंडू आणावेत का, असे परवा मी विचारले. तिने लाल चेंडू हातात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अजून नको."

सध्या कोर्टाचा एक कोपरा गेला आहे. दिवाळी आली म्हणून सोसायटीच्या पोरांनी नेमका तिथेच किल्ला केला आहे. माती आणली रोडपाली तळ्याच्या बाजूने, वर हळीव पेरले आहेत, बुरुजावर महाराज आणि वाटेवर मावळे. मी जागा बदलायला सुचवले, तर मला कोणी विचारले नाही. त्यांनी आपसात नियम केला: चेंडू तटाला लागला तर गुण पुन्हा खेळायचा; मावळा पडला तर पाडणाऱ्याचे दोन गुण वजा, आणि त्याने तो उभा करून यायचा. गेल्या रविवारी माझे सहा गुण वजा झाले.